जुन्या गाडीचे नवे पाय

घरातली जुनी मोटार विकायची नाही एवढ्यावर सर्वांचे एकमत झाले, की पुढचा वाद बहुधा चाकांवरून सुरू होतो. वडिलांना गाडी जशी होती तशीच हवी असते: लोखंडी पत्र्याची चाके, त्यांच्यावर चकाकणाऱ्या टोप्या आणि अरुंद टायर. मुलालाही गाडी तीच हवी असते, पण तिला दुकानात टांगलेली रुंद, ताऱ्याच्या आकाराची, मिश्रधातूची चाके बसवायची असतात; हल्ली त्यांना सर्रास 'अलॉय' म्हणतात. वडील म्हणतात, गाडीचे रूप जाईल. मुलगा म्हणतो, रूप राहो की जावो, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली तर पाहिजे! शेवटी आई दोघांच्या मध्ये चकल्यांचे ताट ठेवते आणि वाद पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो.

हा वाद क्षुल्लक समजू नये. तो मोटारीहूनही जुना आहे. जुन्या गाडीला नवे चाक लावण्याचे प्रयोग गेल्या एकशे ऐंशी वर्षांत किती झाले, त्यांतले कोणते साधले, कोणते फसले आणि का फसले, हे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. चाक हा गाडीचा भार जमिनीवर पोचवणारा अवयव आहे. नवे चाक आले म्हणून तो भार नाहीसा होत नाही; एका जागेवरून उठून तो दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो. तो कुठे जाऊन बसला आणि ती जागा तो सोसू शकते का, हे पाहणाऱ्याचे साधले. न पाहणाऱ्याचे फसले.

आपल्या बैलगाडीचे जुने चाक डोळ्यांपुढे आणा. मधोमध तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांना बाहेरून धरून ठेवणारे लाकडी कडे आणि त्या कड्यावर चढवलेली लोखंडी धाव. धाव चढवण्याचे काम पाहायला सारी आळी जमत असे. चाकाहून किंचित लहान अशी लोखंडी कडी लोहार गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद करी. तापली की ती प्रसरण पावे. तशीच ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वर पाण्याच्या घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठे, लोखंड आक्रसे आणि लाकडाचे सारे सांधे करकचून आवळले जात. युरोपातल्या घोडागाडीचे चाकही थोड्याफार फरकाने असेच होते. अशा चाकाखाली आलेला प्रत्येक दगड धावेतून आऱ्यात, आऱ्यातून आखात आणि आखातून आत बसलेल्याच्या मणक्यात पोचत असे. धक्का सोसण्याचे शेवटचे ठिकाण म्हणजे माणसाची पाठ.

या पाठीची दया प्रथम आली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश तरुणाला. १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने हवेने फुगवलेल्या चाकाचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचे वेष्टण आणि ते सारे लाकडी चाकावर बसवलेले, अशी त्याची रचना होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही चाके लावून प्रयोग झाले. गाड्या हलक्या चालल्या आणि खडखडाट जवळजवळ नाहीसा झाला. जुन्या गाडीला नवे चाक लावण्याचा आपल्या विषयातला हा पहिला मोठा प्रयोग म्हणायला हरकत नाही. पण तो रुजला नाही. चाक बनवणे महाग होते, त्याला लागणारे पातळ रबर मिळणे कठीण होते, आणि घोड्याच्या चालीने जाणाऱ्या गाडीला या ऐषारामाची निकड नव्हती. थॉमसनचे पेटंट कागदपत्रांत पडून राहिले.

पुढे त्रेचाळीस वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमधला जॉन बॉइड डनलॉप हा गुरांचा डॉक्टर आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचा खडखडाट थांबवावा म्हणून खटपट करता करता त्याच कल्पनेपाशी येऊन ठेपला. त्यालाही पेटंट मिळाले. परंतु दोनच वर्षांत त्याला कळवण्यात आले की ही कल्पना पूर्वीच एकाच्या नावावर नोंदलेली असल्यामुळे पेटंट टिकणार नाही. तोवर सायकलींचा जमाना आला होता आणि १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतीत हवेच्या टायरांच्या सायकलीने बाकीच्यांना मागे टाकले होते. थॉमसनला जे गिऱ्हाईक मिळाले नव्हते, ते डनलॉपला सायकलवाल्यांच्या रूपाने मिळाले.

दरम्यान मोटार जन्माला आली होती. कार्ल बेंझने १८८६ च्या जानेवारीत पेटंटासाठी अर्ज केलेली गाडी तीनचाकी होती. तिला सायकलीसारखी तारांच्या आऱ्यांची चाके होती आणि त्यांवर भरीव रबर होते. त्याच वर्षी गोटलीब डाइमलरने स्टुटगार्टच्या गाडीवाल्यांकडून एक साधी घोडागाडी घेतली आणि तिच्यात आपले इंजिन बसवले. घोडे गेले, पण घोडागाडीची लाकडी चाके राहिली. म्हणजे एकाने नव्या गाडीला नव्या तऱ्हेची चाके दिली आणि दुसऱ्याने जुन्या गाडीला, जुन्या चाकांसकट, नवा घोडा दिला. हा फरक लहान वाटतो. पण तारेचा आरा आणि लाकडी आरा यांचा धर्मच वेगळा. लाकडी आरा खांबासारखा असतो, तो दाबला जाऊन भार सोसतो. तारेचा आरा मुळातच ताणून ठेवलेला असतो, आणि सगळ्या तारा मिळून तुंब्याला चहूकडून ओढून मधोमध धरतात. यातली एक तार सैल पडली तर तिचे काम शेजारणींच्या अंगावर पडते. संयुक्त कुटुंबात वाढलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

मोटारीला हवेचे टायर लावून दाखवायचे धाडस केले ते आंद्रे आणि एदुआर मिशलँ या फ्रेंच भावांनी. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत यायची मोटारींची शर्यत ठरली. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. हवेचे टायर लावायला कोणी मोटारवाला तयार होईना, तेव्हा भावांनी स्वतःच गाडी उतरवली. तिचे नाव 'एक्लेर', म्हणजे वीज. गाडीच्या नावात वीज होती, पण टायर वारंवार फुटत होते. भरीव रबरावर धावणाऱ्या एमील लव्हासोरने ४८ तास ४८ मिनिटांत शर्यत संपवली. मिशलँ बंधू शंभर तासांची मुदत उलटून गेल्यावर पॅरिसला पोचले. शर्यत हरली, तरी त्या गाडीने एक सिद्ध केले: हवेवर बसून मोटार एवढ्या लांब जाऊन परत येऊ शकते. त्यानंतर थोड्याच वर्षांत भरीव रबराचे दिवस संपले.

आता यात भार कुठे सरकला ते पाहा. बसणाऱ्याच्या पाठीवरचा भार उतरला खरा, पण तो चालकाच्या हातांवर आला. त्या काळी चाक गाडीला कायमचे जडवलेले असे. टायर फुटला की भर रस्त्यात, उन्हात किंवा पावसात, चाक जागेवरच ठेवून टायर उपसायचा, ठिगळ लावायचे, पुन्हा चढवायचा आणि पंपाने हवा भरायची. या हालांवर उपाय काढला वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी, १९०४ साली. त्यांनी आरे नसलेली, फुगवलेल्या टायरची एक कडी बनवली. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ती शिकंज्यांनी आवळायची आणि पुढे चालू लागायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते म्हणून त्या चाकाचे नाव स्टेपनी पडले. इंग्लंडात हा शब्द केव्हाच विस्मरणात गेला. आपल्याकडे मात्र कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतचा कोणताही ड्रायव्हर जादा चाकाला आजही स्टेपनीच म्हणतो. वेल्समधल्या एका रस्त्याचे नाव आपल्या भाषेने आपलेसे करून टाकले आहे.

पुढे अख्खे चाकच काढता-घालता येईल अशी रचना आली. रज-व्हिटवर्थ या ब्रिटिश कंपनीच्या तारांच्या चाकात मधोमध एकच मोठा नट असे. तो हातोड्याने ठोकून सैल केला की चाक हाती आले. त्यात एक खुबी होती. गाडीच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या नटांचे आटे एकमेकांच्या उलट असत, म्हणजे चाक फिरताना नट सैल न होता आवळलेलाच राही. आता अशा गाडीची चाके आणि तुंबे कोणी हौसेने बदलले आणि उजवीकडचा तुंबा डावीकडे बसवला, तर सगळे नीट बसते, छान दिसते, आणि काही मैलांनंतर चाक आपल्या वाटेने व गाडी आपल्या वाटेने जाते! जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत अशी कितीतरी ज्ञाने आहेत, जी चाकाकडे नुसते पाहून उमगत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, मग जुन्याला हात लावूच नये हे उत्तम. पण इतिहास इतका सोवळा नाही. मोटारीच्या पहिल्या तीन दशकांत टायरच्या कडा रिमच्या वळलेल्या ओठांत अडकवलेल्या असत आणि आतल्या हवेच्या दाबानेच त्या जागी राहत. हवा कमी झाली की टायर रिम सोडून निसटे. पुढच्या चाकाचा निसटला तर गाडी कोठे जाईल याचा नेम नसे. १९२० नंतर मधोमध खोलगट असलेली रिम आणि कडेत पोलादी तार घातलेला टायर प्रचारात आला. तो निसटेना आणि चढवायलाही सोपा. पुष्कळ मालकांनी आपल्या आवडत्या जुन्या गाड्यांना ही नवी चाके त्याच काळात लावून घेतली. तेव्हा आज ज्या चाकांना आपण 'मूळची' म्हणून हळुवारपणे पुसतो, ती कित्येकदा त्या गाडीचा दुसरा संसार असतात. नवे चाक म्हणजे भ्रष्टता, असे सरसकट म्हणता येत नाही ते यासाठी.

मिश्रधातूची चाके ही कालपरवाची फॅशन आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्यांनी नुकतीच शंभरी ओलांडली. १९२४ च्या ऑगस्टमध्ये लियाँ येथे भरलेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये एत्तोरे बुगात्तीने आपली 'टाइप ३५' गाडी उतरवली. तिची चाके ॲल्युमिनियमची ओतीव, आठ रुंद चपट्या आऱ्यांची होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता; चाक काढले की ब्रेक आपोआप तपासायला उघडा. चाकाला त्या गाडीवरून वेगळे करता येत नव्हते, कारण गाडी आणि चाक एकाच डोक्यातून निघाले होते. पहिल्या दिवशी टायरांनी दगा दिला, त्यांची वरची पाठ सुटू लागली आणि शर्यत हातची गेली. पण चाकाची कल्पना खोटी ठरली नाही. पुढच्या वर्षांत त्या गाडीने शर्यतींमागून शर्यती जिंकल्या.

दुसरी क्रांती टायरच्या पोटात घडली आणि बाहेरून कोणाला दिसली नाही. पूर्वीच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे, बाजेच्या विणीसारखे असत. त्याला क्रॉसप्लाय म्हणत. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेऊन १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या रेडियल टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचीक, तळवा घट्ट. परिणामी टायर जास्त टिकतो आणि वळणावर जमिनीला अधिक चिकटून राहतो. पण जुन्या गाडीवर तो चढवला की भार पुन्हा सरकतो. क्रॉसप्लाय टायर हळूहळू घसरू लागतो आणि घसरण्यापूर्वी चालकाला सूचना देतो. रेडियल शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि सुटला तर पुष्कळदा एकदम सुटतो. तो जितका धरून ठेवतो, तितका ताण रिमवर, सांध्यांवर आणि स्टिअरिंगवर येतो. आणि काटकसर म्हणून पुढे दोन रेडियल व मागे दोन जुने असा मेळ घातला, तर वळणावर पुढचा भाग धरून राहतो आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. ब्रिटनमध्ये अशी जोडणी कायद्यानेच निषिद्ध आहे.

जुन्या गाडीला नवे चाक नीट कसे लावावे याचा उत्तम धडा मात्र एका कारखान्यानेच घालून दिला आहे. ॲलेक इसिगोनिसने १९५९ साली मिनी ही चिमुकली गाडी काढली. दहा फूट लांबीत चार माणसे बसवायची, तर चाकांनी जागा खाता कामा नये, म्हणून त्याने फक्त दहा इंची चाके करवून घेतली. ही गाडी थेट २००० सालापर्यंत बनत राहिली आणि त्रेपन्न लाखांहून अधिक खपली. एवढ्या दीर्घ आयुष्यात तिचे अंग फारसे बदलले नाही, पण पाय दोनदा बदलले. १९८४ मध्ये तिला बारा इंची चाके मिळाली. परंतु ती एकटी आली नाहीत. पुढे मोठे डिस्क ब्रेक आले आणि चाकांवरच्या कमानी रुंदावल्या. चाक मोठे करण्याचे मुख्य कारणच तो ब्रेक आत मावावा हे होते. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेरा इंची रुंद चाकेही घेता येऊ लागली. ती देखणी होती. पण त्यांच्यासाठी कमानी आणखी फुगवाव्या लागल्या, स्टिअरिंगची चाल आखडती घ्यावी लागली आणि बोळात वळणारी ही गाडी वळायला मोठा घेरा मागू लागली. बसणाऱ्यांना खड्डेही अधिक जाणवू लागले. दुसऱ्या बदलात गाडीने काही मिळवले आणि जिच्यासाठी ती प्रसिद्ध होती ते थोडे गमावले. कारखान्याजवळ इंजिनिअर होते, चाचणीचे रस्ते होते. तरी किंमत चुकली नाही.

मग आपल्या गल्लीतल्या दुकानात तासाभरात चाके बदलून देतात, तेव्हा हिशेब कोण करतो? तो हिशेब काही अवघड नाही. सातवी-आठवीच्या मुलाला करता येईल असा आहे. जुन्या गाडीला १६५/८० मापाचा, १४ इंची रिमचा टायर आहे असे धरा. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि उंची तिच्या शेकडा ८०, अर्थात १३२. रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात वर-खालचे १३२ दोनदा मिळवले की व्यास झाला ६१९.६. आता रुबाबासाठी १८५/६० मापाचा रुंद टायर घातला, तर उंची १११ आणि व्यास ५७७.६. चाक बेचाळीस मिलिमीटरने लहान झाले. प्रत्येक फेऱ्यात गाडी कमी पुढे जाते, पण वेगाचा काटा फेरेच मोजतो. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ५६ ने चालली असेल. इंजिन मात्र ६० चे कष्ट करीत असेल. उलट चाक मोठे घातले तर काटा वेग कमी दाखवतो, आणि तो खोटेपणा जास्त धोक्याचा.

दुसरा हिशेब बोल्टांचा. चाकाची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास कित्येक जुन्या इटालियन गाड्यांत ९८ मिलिमीटर आहे, तर बाजारातल्या पुष्कळ चाकांचा १०० मिलिमीटर. फरक दोन मिलिमीटरचा. जोर लावला की बोल्ट आत जातो, पण तिरका बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा वाकत राहतो. तिसरा हिशेब चाकाच्या बैठकीचा. पाण्याची बादली अंगाजवळ धरून चाला, आणि मग तीच हात लांब करून धरा. पाणी तेवढेच, पण खांदा लवकर भरून येतो. चाक मूळ जागेपेक्षा बाहेर सरकले की आतल्या बेअरिंगची गत त्या खांद्यासारखी होते. ते आत सरकले, तर टायर स्प्रिंगला किंवा मडगार्डला घासतो. चौथी गोष्ट हवेची. जुन्या लोखंडी चाकांचे भाग कित्येकदा रिव्हेटांनी जोडलेले असतात आणि तारांच्या चाकात तर प्रत्येक तारेपाशी भोक असते. ट्यूबशिवायचा टायर अशा चाकांवर हवा धरत नाही. तेथे ट्यूबच हवी.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० जातीची गाडी बाहेर पडत असे. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. तिची नोंदणी झालेली शेवटची टॅक्सी २००३ सालची. वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा पुष्कळांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. ज्यांच्या घरी खाजगी पद्मिनी आजही आहेत त्यांची मुलेच अलॉयचा आग्रह धरतात. या गाडीला १४ इंची चाके, ५.२० इंच रुंदीचे क्रॉसप्लाय टायर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पंधरा इंची रुंद चाके लावली तरी आतले ड्रम तेवढेच राहतात. रुंद टायर जमिनीला अधिक धरील, पण त्याला थोपवायचे काम त्याच जुन्या ड्रमने करायचे आहे; तो वाढलेला भार ड्रमवर, बेअरिंगवर आणि चालकाच्या दंडावर येतो. म्हणून 'ब्रेकसाठी चाके बदला' हे मुलाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ब्रेकसाठी आधी ब्रेक पाहावेत, आणि चाकांबाबत ताजे, योग्य मापाचे रबर घालावे.

कारण रबराला वय असते. न वापरलेला टायरही वर्षांनी कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात, आणि ओल्या रस्त्यावर तो धरत नाही. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ०८२४ असे असेल तर २०२४ सालच्या आठव्या आठवड्यात तो बनला असे समजावे. वडिलांनी पंचवीस वर्षे जपलेले मूळचे टायर हा प्रेमाचा ठेवा असेल, पण त्यांवर नातवंडांना बसवून घाट उतरणे हे प्रेम नव्हे. येथे मुलाचे म्हणणे अगदी खरे आहे. सुदैवाने जुन्या मापांचे टायर नव्याने बनवणारे कारखाने जगात आहेत. रूप जुने, रबर ताजे. वडिलांचे आणि मुलाचे दोघांचेही समाधान करणारा हा मार्ग थोडा महाग आहे इतकेच.

कायद्याचेही एक बोट या वादात आहे. भारतात २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली बिनव्यापारी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते; तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनेने २०१३ मध्ये तूरिन सनद म्हणून जी तत्त्वे मान्य केली, त्यांचा भावार्थ मला फार पटतो: बदल करणे भागच असेल तर ते थोडे करावे, पुन्हा पूर्ववत करता येतील असे करावे, आणि काय केले ते लिहून ठेवावे. म्हणजे नवी चाके लावायला ना नाही; पण ती बसावीत म्हणून मडगार्ड कापू नये. कापलेला पत्रा परत येत नाही.

हे सारे हौशी लोकांचे खेळ आहेत असे कोणाला वाटेल, म्हणून पुन्हा बैलगाडीकडे वळतो. आपल्या देशात नवे चाक सर्वांत मोठ्या प्रमाणावर लावले गेले ते याच जुन्या गाडीला. लोखंडी धावेने रस्ते उखडत, चाकोऱ्या खोल पडत. हवेच्या टायरांनी ते थांबले. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आवारात हंगामात ऊस भरलेल्या टायरगाड्यांच्या रांगा लागतात, त्या याच बदलाच्या खुणा. चाक हलके फिरू लागले, बैलांचे कष्ट कमी व्हायला हवे होते. झाले काय? चाक हलके म्हणून माणसाने ओझे वाढवले. जनावरांच्या छळाला आळा घालण्यासाठी १९६५ मध्ये झालेल्या नियमांतही टायरच्या गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त वजन मंजूर आहे. आणि प्रत्यक्ष रस्त्यावर नियमाचे पुस्तक कोण उघडून पाहतो? उतारावर तर हलके फिरणारे चाकच वैरी होते. लोखंडी धावेची रखड नाहीशी झालेली, गाडीला ब्रेक नाही, आणि मागचा सारा ऊस जुवावाटे बैलांच्या मानेवर रेटा देतो. चाक बदलले, पण बैल तोच राहिला, त्याची मान तीच राहिली. गाडीवाल्याचेही आयुष्य तेवढेच अवघड राहिले. खेपेला चार पैसे अधिक मिळावेत म्हणून तोही वजन वाढवण्याच्या मोहातून सुटत नाही.

मोटारीचे बेअरिंग आणि बैलाची मान यांत फरक एवढाच की बेअरिंग निदान घरघर आवाज तरी करते. दोघांनाही नव्या चाकाबद्दल कोणी विचारलेले नसते. चाक निवडणारा वर बसलेला असतो, त्याला प्रवास सुखाचा झालेला असतो, आणि खाली काय सोसले जाते ते त्याला दिसत नाही. जुन्या गाडीला नवे पाय देऊ इच्छिणाऱ्याने म्हणून एकदा गाडीखाली वाकून पाहावे. दुकानदाराला किंमत विचारण्यापूर्वी आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीला विचारावे, की हा वाढीव भार कोण उचलणार आहे. त्याचे उत्तर समाधानकारक असेल तर नवी चाके खुशाल लावावीत. ती उद्याची 'मूळची' चाके होतील.

आणि जुनी चार चाके भंगारवाल्याला देऊ नयेत. रिमचा गंज खरवडून, तेलाचा हात फिरवून, गोणपाटात गुंडाळून ती माळ्यावर ठेवावीत. सोबत एका चिठ्ठीवर चाके कोणत्या तारखेला काढली, नवी कोणत्या मापाची लावली आणि का लावली, एवढे लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी घरात पुन्हा हाच वाद निघेल, तेव्हा ती चिठ्ठी वाचणाऱ्याला आपल्या मागच्यांनी नुसती हौस केली नाही, विचारही केला होता, हे कळेल.